कुर्ट श्विटर्स : निरर्थकाचे व्याकरण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यूरोपातील ज्या कलावंतांनी शब्द, अक्षर आणि ध्वनी यांना रंग व दगड यांच्याप्रमाणेच कलेचे द्रव्य मानले, त्यांत कुर्ट श्विटर्स (१८८७-१९४८) या जर्मन चित्रकार-कवीचे स्थान अग्रभागी आहे. त्याच्याविषयी जे लिहिले जाते त्यात दोन विधाने पुनःपुन्हा आढळतात. एक असे की, त्याने भाषेतील अर्थ नष्ट केला. दुसरे असे की, अर्थ नष्ट केल्यामुळेच तो कोणत्याही एका भाषेच्या पलीकडे गेला आणि सर्व मानवजातीला सारखीच खुली असलेली ध्वनिभाषा त्याच्या हाती लागली. पहिले विधान कधी निंदेसाठी तर कधी स्तुतीसाठी केले जाते. दुसरे नेहमी स्तुतीसाठीच. श्विटर्सच्या संहिता भाषाशास्त्राच्या दृष्टीने बारकाईने पाहिल्या असता या दोहोंपैकी एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. अर्थाचा एक थर तो काढून घेतो हे खरे. परंतु तो काढताना भाषेचा दुसरा एखादा थर तो कटाक्षाने शाबूत ठेवतो, आणि त्याच्या रचनेचा सारा भार या शाबूत ठेवलेल्या थरावर पडतो. हा थर प्रत्येक वेळी जर्मन भाषेचा आहे. सर्व मानवजातीचा असा थर त्याच्या रचनांत कोठे सापडत नाही. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या कलेचे मर्म समजत नाही, आणि त्याच्या उत्तरायुष्यातील वनवासाची किंमतही समजत नाही.

१

श्विटर्सचा जन्म हानोव्हर येथे २० जून १८८७ रोजी झाला. ड्रेस्डेनच्या कला-अकादमीत त्याने रीतसर चित्रकलेचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात हानोव्हरजवळच्या एका लोखंडाच्या कारखान्यात तो नकाशे काढण्याचे काम करीत असे. १९१८ मध्ये बर्लिनच्या ‘डेर श्टुर्म’ या कलादालनात त्याची चित्रे लागली. युद्धानंतरच्या मोडलेल्या जर्मनीत रस्त्यावर जे पडलेले सापडे ते तो गोळा करी : ट्रामची तिकिटे, वेष्टने, वर्तमानपत्रांचे कपटे, लाकडाचे तुकडे, तारा. हे सारे चिकटवून तो चित्रे करू लागला. अशा एका चित्रात एका बँकेच्या जाहिरातीचा तुकडा होता. ‘कोमेर्त्स उंड प्रिव्हाटबांक’, म्हणजे ‘वाणिज्य व खासगी बँक’, या नावातील पहिल्या शब्दाचा उत्तरार्ध तेवढा कात्रीतून वाचला : ‘मेर्त्स’. १९१९ मध्ये श्विटर्सने हाच शब्द आपल्या सर्व कलेचे नाव म्हणून स्वीकारला.

‘मेर्त्स’ हा निरर्थक शब्द आहे असे सांगून पुष्कळ अभ्यासक पुढे जातात. येथे थोडे थांबले पाहिजे. ‘कोमेर्त्स’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘कोम्मेर्किउम्’ आहे, आणि त्याची फोड ‘कोम्’ हा उपसर्ग व ‘मेर्क्स’, म्हणजे विक्रीचा माल, हे प्रातिपदिक अशी होते. म्हणजे कात्रीने शब्द जेथे तुटला तेथेच त्याचा व्युत्पत्तिदृष्ट्या सांधा होता. उपसर्ग गळाला आणि मूळ उरले. हा योगायोग होता यात शंका नाही. पण जर्मन कानाला हे मूळ अगदीच परके वाटत नाही. ‘हेर्त्स’ म्हणजे हृदय, ‘श्मेर्त्स’ म्हणजे वेदना, आणि ‘आउसमेर्त्सेन’ म्हणजे नको असलेले निवडून काढून टाकणे, हे शब्द त्या ध्वनीच्या आसपासच असतात. टाकाऊ वस्तूंतून चित्र करणाऱ्याला यांतील शेवटचा शब्द किती जवळचा वाटला असेल हे सांगावयास नको.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या शब्दाचे पुढे काय झाले. श्विटर्सने त्याला जर्मन शब्दसिद्धीच्या सर्व वाटा मोकळ्या करून दिल्या. ‘मेर्त्सबिल्ड’ म्हणजे मेर्त्स-चित्र, ‘मेर्त्सब्यूने’ म्हणजे मेर्त्स-रंगभूमी, ‘मेर्त्सबाउ’ म्हणजे मेर्त्स-वास्तू. १९२३ ते १९३२ या काळात निघालेल्या त्याच्या नियतकालिकाचे नाव ‘मेर्त्स’, आणि तो स्वतःही मेर्त्सच. कोशातील अर्थ नसलेला एक धातू व्याकरणाच्या सर्व नियमांनी चालू लागला. बर्लिनच्या डाडा गटातील ह्युल्झनबेक प्रभृतींनी श्विटर्सला आपल्यात घेण्याचे नाकारले, याचे कारण राजकीय मतभेद असे सांगतात, आणि ते खरेही आहे. परंतु भेद एवढाच नव्हता. भाषा मोडणे हे त्या गटातील पुष्कळांचे साध्य होते. श्विटर्सने मोडलेल्या तुकड्याला पुन्हा विकरणे आणि समास यांच्या शिस्तीत बसविले.

२

‘आन्ना ब्लूमेस’ ही कविता १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि श्विटर्स एकाएकी प्रसिद्धीच्या झोतात आला. हानोव्हरचा प्रकाशक पाउल श्टेगेमान याने त्याच वर्षी तिच्या नावाने एक छोटे पुस्तक काढले. पुढच्या वर्षी कवितेची भित्तिपत्रके शहरातील जाहिरातींच्या खांबांवर लागली. वर्तमानपत्रांतून टवाळी झाली, कवीला वेडा ठरविणारी पत्रे आली, आणि पुस्तक मात्र खपत राहिले.

या कवितेत नेमके काय बिघडलेले आहे? शब्द सारे जर्मन आहेत. वाक्यांची ठेवण ओळखीची आहे. ती भावुक प्रेमकवितेची आहे, शाळेतील कूटप्रश्नाची आहे, आणि अधूनमधून रस्त्यावरच्या जाहिरातीचीही आहे. बिघाड आहे तो विभक्तीत. प्रेम करणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदाचे कर्म द्वितीयेत असावे लागते. येथे ते चतुर्थीत आहे. ही चूक अर्थहीन नाही. बर्लिनच्या बोलीत सर्वनामांच्या द्वितीया-चतुर्थीचा घोटाळा नेहमी होतो आणि प्रमाण जर्मन बोलणारे त्याची थट्टा करतात. हानोव्हर हे तर शुद्ध उच्चाराचे माहेरघर अशी जर्मनीत सर्वसाधारण समजूत. तेव्हा या शहरातील वाचकाला ही चूक प्रियकराचा सामाजिक दर्जा एका अक्षरात सांगून टाकते. या चुकीनंतर लगेच कवी मध्यमपुरुषी सर्वनामाची रूपे एकामागून एक उच्चारतो. आपल्याकडे संस्कृत शिकणारा विद्यार्थी शब्दरूपावली घोकतो, तसाच हा प्रकार. प्रेमाच्या भरात वाणी अडखळते हा काव्यातील जुना संकेत आहे. येथे ती अडखळते आणि सावरण्यासाठी व्याकरणाच्या तक्त्याचा आधार घेते. त्यामुळे कवितेचा उपहास व तिची आर्तता एकाच ठिकाणी उभी राहतात आणि एकीला बाजूला सारून दुसरी हाती लागत नाही.

हा सारा परिणाम द्वितीया आणि चतुर्थी यांची रूपे वेगळी असण्यावर अवलंबून आहे. मराठीकडे वळले म्हणजे हे चटकन लक्षात येते. मराठीत या दोन विभक्तींचे प्रत्यय बहुतांशी एकच आहेत. ‘तुला पाहिले’ आणि ‘तुला दिले’ यांतील ‘तुला’ रूपाने भिन्न नाही. शिवाय मराठीत प्रेम ‘कोणाला’ केले जात नाही, ते ‘कोणावर’ केले जाते. म्हणजे श्विटर्सची ही चूक मराठीत करता येत नाही. मराठी भाषांतरकाराला त्याच तोलाची दुसरी चूक शोधावी लागेल. ज्या कवितेला निरर्थक म्हणून हिणविण्यात आले ती एका विशिष्ट भाषेच्या रूपविचाराशी इतकी जखडलेली असावी, हे पहिल्या विधानाला पुरेसे उत्तर आहे.

नायिकेच्या नावाचेही तेच. ‘आन्ना’ हे रोमन लिपीत उलट वाचले तरी तेच राहते, आणि कवी या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. हा गुण लेखनाचा आहे. तो डोळ्याला दिसतो आणि मग कानाला पटतो. श्विटर्सच्या संहितेत लिपी ही ध्वनीची केवळ वाहक नसते, याची ही पहिली खूण होय.

३

लिपीकडे श्विटर्सने पुढील दशकात अधिकाधिक लक्ष दिले. १९२२ मधील त्याची एक ‘कविता’ म्हणजे जर्मन वळणाने हाताने काढलेले एकच ‘इ’ हे लहान अक्षर, आणि त्याखाली ते अक्षर गिरविताना मुलांकडून म्हणवून घेतले जाई ते हात वर-खाली नेण्याचे शाळकरी बोल. ही लहर म्हणून सोडून देता येईल. पण अक्षर हे डोळ्यासाठी आकृती असते, कानासाठी ध्वनी असते आणि हातासाठी हालचाल असते. या तिन्ही गोष्टी इतक्या थोड्या जागेत दाखविणारे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. ज्याने पाटीवर अक्षर गिरविले आहे त्याला यातील तिसरी गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

यानंतरचा त्याचा व्यवसाय मुद्रणाचा. १९२४ मध्ये त्याने हानोव्हरला स्वतःची जाहिरातसंस्था काढली; ‘पेलिकान’ शाईच्या जाहिराती ‘मेर्त्स’च्या अकराव्या अंकात झळकल्या. १९२५ मध्ये केटे श्टाइनित्स व टेओ फान डूसबुर्ख यांच्यासह त्याने ‘दी शॉयखे’ (बुजगावणे) ही मुलांची गोष्ट केवळ छापखान्याच्या खिळ्यांतून उभी केली. तिच्यातील पात्रे अक्षरांचीच बनलेली आहेत आणि बुजगावणे म्हणजे रोमन ‘एक्स’. १९२८ मध्ये नव्या वळणाच्या जाहिरात-रचनाकारांचे जे मंडळ स्थापन झाले त्याचा तो प्रमुख होता, आणि पुढे काही वर्षे हानोव्हर नगरपालिकेच्या छापील कागदपत्रांची मांडणीही त्याच्याकडे होती. कर भरण्याच्या नमुन्यांपासून पत्रशीर्षांपर्यंत सारे एका नियमाने बसविणारा हा मनुष्य आणि ‘आन्ना ब्लूमेस’चा कवी हे एकच होत, हे विसरता कामा नये.

१९२७ मध्ये त्याने ‘सिस्टेमश्रिफ्ट’ नावाची एक लिपी योजिली. ध्वनी आणि आकृती यांच्यात नियमित संबंध असावा हे तिचे सूत्र. स्वर जाड व गोलसर, व्यंजने बारीक व कोनदार, म्हणजे डोळ्याने पाहताच शब्दातील नादाचे वजन कळावे. नागरी लिपी वापरणाऱ्याला या योजनेत नवल वाटणार नाही. स्वर व व्यंजन यांचा भेद आपल्या लिपीच्या घडणीतच आहे. व्यंजनाला स्वराची मात्रा जोडली जाते आणि दोहोंचे स्थान डोळ्याला वेगळे दिसते. रोमन लिपीत हा भेद आकृतीने कळत नाही, आणि श्विटर्सला तो खटकला. त्याची लिपी रूढ झाली नाही, व होणे शक्यही नव्हते. वाचणारा अक्षरामागून अक्षर उच्चारीत नाही, तो शब्दाची ओळखीची आकृती एकदम घेतो. प्रत्येक शब्दात जाड-बारीक आकार आलटून पालटून आल्याने ही आकृतीच विस्कटते. परंतु अपयशी ठरली तरी ही योजना एक गोष्ट सिद्ध करते. याच वर्षांत जो ‘निरर्थक’ ध्वनींचे काव्य रचीत होता त्याच्या डोळ्यांपुढे ध्वनींची व्यवस्था होती.

४

हे काव्य म्हणजे ‘उर्सोनाटे’, म्हणजे ‘मूळ सोनाटा’. तिच्यावर श्विटर्सने १९२२ च्या सुमारापासून दहा वर्षे काम केले आणि १९३२ मध्ये ‘मेर्त्स’च्या चोविसाव्या व शेवटच्या अंकात ती यान चिखोल्ड याच्या मुद्रणरचनेत प्रसिद्ध झाली. तिचा उगम दुसऱ्याच्या कृतीत आहे. राउल हाउसमान याने १९१८ मध्ये छापखान्यातील मोठी अक्षरे हाताला लागतील तशी जुळवून भित्तिपत्रक-कविता छापल्या होत्या. १९२१ मधील प्रागच्या दौऱ्यात श्विटर्सने हाउसमानच्या तोंडून त्या ऐकल्या. आपली कल्पना उचलली गेली अशी तक्रार हाउसमानने पुढे केली. तक्रारीत तथ्य आहे. परंतु उचललेल्या द्रव्याचे श्विटर्सने काय केले हे पाहिले म्हणजे दोघांतील अंतर स्पष्ट होते.

हाउसमानच्या पत्रकात व्यंजनांची एक लांब रांग आहे, तिच्यात स्वर नाही. खिळे जुळविणाऱ्याच्या दृष्टीने ती निर्दोष, पण बोलणाऱ्याच्या जिभेला दुस्तर. श्विटर्सने त्या रांगेत स्वर घातले. स्वर येताच अक्षरे अवयवांत विभागली गेली, त्यांवर आघात बसू लागला, चरण तयार झाला. घातलेले स्वर कोणते, तर जर्मन लिपीत ज्यांच्या डोक्यावर दोन बिंदू येतात ते, ज्यांतील बहुतेकांच्या उच्चारात ओठ गोल आणि जीभ पुढे असते. मराठीत असे स्वर नाहीत, इंग्रजीच्या प्रमाण उच्चारातही नाहीत. म्हणजे काव्याच्या पहिल्याच चरणाला जर्मन तोंड लागते.

हे अनुमान नव्हे. श्विटर्सने स्वतः वाचनाचे नियम लिहून ठेवले, आणि त्यांतील मुख्य नियम असा की अक्षरांचा उच्चार जर्मन भाषेतल्याप्रमाणे करावा. एकेरी स्वर ऱ्हस्व, दुहेरी स्वर दीर्घ. स्वराच्या लांबीने अर्थ बदलणे हे जर्मनचे वैशिष्ट्य आहे. ऱ्हस्व ‘श्टाट’ म्हणजे नगर आणि दीर्घ ‘श्टाऽट’ म्हणजे राज्य. ज्या काव्यात अर्थ नाही त्यात अर्थभेदक लांबी मात्र काटेकोरपणे सांभाळली आहे. इंग्रजी वाचकाने तीच पाने स्वतःच्या लिपिसंकेताने वाचली, तर जेथे ‘त्स’ हवा तेथे ‘झ’ येईल, आणि ते दुसरेच काव्य होईल.

शिवाय या ध्वनींत शब्दांचे अवशेष आहेत. एका सूत्राच्या मुळाशी ‘राकेटे’ हा अग्निबाणासाठी असलेला सरळ जर्मन शब्द आहे. दुसऱ्याच्या मुळाशी श्विटर्स जेथे शिकला त्या ड्रेस्डेन शहराचे नाव आहे. कोलाजमध्ये जसे ट्रामचे तिकीट, तसे येथे हे शब्द. तिकीट गाडीत चालत नाही, तरी ते तिकीट होते हे कळते.

रचनेचे अंग संगीताकडून घेतलेले आहे. प्रास्ताविकानंतर चार सूत्रांचा रोंदो, मग संथ लार्गो, मग स्केर्त्सो व त्रिओ, आणि शेवटी प्रेस्तो, कादेंत्सा व समाप्ती. येथे आपल्याकडील तराण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तराण्यातही बोलांना रूढ अर्थ नसतो. पण तुलना फार ताणता येत नाही. तराण्यातील बोल राग आणि ताल यांच्या आधाराने उभे असतात. ‘उर्सोनाटे’त स्वरांची उंची ठरवून दिलेली नाही, म्हणून तेथे आधार बोलीभाषेच्या आघाताचा आणि आंदोलनाचा आहे. प्रश्नार्थक वाटणारा चरण, आज्ञार्थक वाटणारा चरण, रडवेला वाटणारा चरण ऐकणाऱ्याला ओळखू येतात. वाक्यातील पदे गेली, वाक्याचा सूर राहिला. भर्तृहरीच्या मते वाक्य हेच अखंड व मूळ, आणि पदे व वर्ण ही विश्लेषणासाठी त्यातून अलग केलेली, म्हणजे अपोद्धाराने मिळालेली. श्विटर्सने हा अपोद्धार कात्रीने केला असे म्हणता येईल. आणि अलग केलेल्या वर्णांना वाक्याची आठवण राहते, हे त्याच्या काव्याने दाखविले.

या संदर्भात शेवटची काही मिनिटे सर्वांत बोलकी आहेत. समाप्तीत जर्मन वर्णमाला उलट क्रमाने म्हटली जाते. ऐकणारा पहिल्या अक्षराची वाट पाहतो. दोन वेळा पठण त्याच्या अलीकडच्या अक्षरावर, ‘बे’वर, थांबते. तिसऱ्या वेळी ‘आ’ येतो आणि मन निवते. मग चौथ्यांदा पठण होते आणि ते पुन्हा ‘बे’वरच, प्रश्नार्थक सुरात, अडते. काव्य तेथेच संपते. श्विटर्सने स्वतः या जागेला वेदनामय म्हटले आहे. ही वेदना कोठून येते? ‘बे’ या ध्वनीत ती नाही. ‘आ’ आलाच पाहिजे ही अपेक्षा शाळेने घडविलेली आहे. आपली वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली आहे. कंठापासून ओठांपर्यंत तिला निसर्गाचा काही आधार आहे. रोमन अक्षरांच्या क्रमाला असा कोणताही ध्वनिशास्त्रीय आधार नाही, तो निव्वळ परंपरेचा संकेत आहे. आणि हा संकेत ज्याच्या अंगवळणी पडलेला नाही त्याला ‘उर्सोनाटे’चा शेवट हा शेवट वाटेल, अडणे वाटणार नाही. मराठी श्रोत्याला तोच अनुभव हवा असेल तर ‘ह’पासून उलट येऊन ‘आ’वर थांबावे लागेल, आणि ‘अ’ मनातच ठेवावा लागेल.

यावर असा आक्षेप घेता येईल की जर्मन न जाणणारे श्रोतेही या काव्याने रंगून जातात. ते खरे आहे. चित्रपटकार हान्स रिश्टर याने पोट्सडाम येथील एका वाचनाची आठवण नोंदविली आहे. १९२४-२५ च्या सुमाराच्या त्या बैठकीत निवृत्त सेनाधिकारी आणि उच्चकुलीन मंडळी जमली होती. प्रथम त्यांनी हसू दाबले, मग ते अनावर झाले, आणि शेवटी तीच मंडळी भारावून कवीला भेटावयास आली. हे श्रोते जर्मन होते ही गोष्ट सोडली, तरी आक्षेपाचे उत्तर देता येते. परभाषी श्रोत्याला लय, वेग आणि वाचकाची ताकद पोचते. रचनेतील अपेक्षा व तिचा भंग पोचत नाही. जे पोचते ते थोडे नाही, पण ते ‘उर्सोनाटे’ नव्हे.

५

भाषेच्या ज्या शाबूत थरावर ही कला उभी होती तो थर १९३७ नंतर श्विटर्सच्या पायांखालून सरकला. नात्सी राजवटीने त्याच्या कलेला ‘अधःपतित’ ठरविले. १९३७ च्या म्युनिक येथील कुप्रसिद्ध प्रदर्शनात, ज्याच्यातून मेर्त्स हे नाव निघाले ते चित्र टवाळीसाठी टांगण्यात आले. पुढे ते नाहीसे झाले. श्विटर्स त्या वर्षाच्या जानेवारीतच नॉर्वेला निघून गेला होता. पत्नी हेल्मा हानोव्हरला राहिली आणि १९४४ मध्ये तेथेच निवर्तली. घरात वर्षानुवर्षे वाढत गेलेली मेर्त्सबाउ ही वास्तू १९४३ च्या ऑक्टोबरात बाँबवर्षावात नष्ट झाली. नॉर्वेवर जर्मन आक्रमण झाले तेव्हा, १९४० च्या जूनमध्ये, तो एका बर्फफोड्या जहाजाने स्कॉटलंडला पोचला आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध झाला. आइल ऑफ मॅन बेटावरील हचिन्सन छावणीतून त्याची सुटका १९४१ च्या नोव्हेंबरात झाली.

छावणीत जर्मन बोलणारे पुष्कळ होते, आणि तेथे त्याने ‘उर्सोनाटे’ म्हटली. रात्री तो खिडकीतून कुत्र्यासारखा भुंकत असे अशीही आठवण सांगितली जाते. १९२३ मध्ये हेग शहरात डाडाच्या सभेतही तो प्रेक्षकांत बसून भुंकला होता. तेव्हा डच न जाणणाऱ्याचा तो विनोद होता आणि व्यासपीठावर फान डूसबुर्खसारखा मित्र होता. छावणीतल्या भुंकण्याला असे व्यासपीठ नव्हते.

इंग्लंडात श्विटर्सने इंग्रजीत लिहावयास प्रारंभ केला. निष्ठेने लिहिले, पण त्याचे इंग्रजी लेखन जर्मन लेखनाच्या तोलाचे नाही हे मान्य करावे लागते. कारण उघड आहे. चूक परिणामकारक व्हावी तर शुद्ध रूप वाचकाच्या आणि कवीच्या मनात सारखेच पक्के हवे. शिकाऊ माणसाची मुद्दाम केलेली चूक आणि अजाणता झालेली चूक यांतील फरक ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘आन्ना ब्लूमेस’चे त्याने स्वतः केलेले इंग्रजी रूप या दृष्टीने अभ्यासनीय आहे. इंग्रजी सर्वनामांत द्वितीया-चतुर्थीचा रूपभेद उरलेला नाही. श्विटर्सने हे ओळखले आणि मूळच्या चतुर्थीच्या जागी षष्ठीचे जुने काव्यरूप घातले. चूक टिकली, पण तिच्यामागची बर्लिनची बोली, तिच्यातला सामाजिक टोमणा गेला; उरली ती केवळ विक्षिप्तता. नावाच्या बाबतीत मात्र त्याने तडजोड केली नाही. ‘आन्ना’ बदलून त्याने ‘ईव्ह’ हे नाव घेतले. तेही रोमन लिपीत उलटसुलट सारखेच वाचले जाते, आणि मधले अक्षर विजयाचे, जे युद्धकाळातील प्रत्येक इंग्रजाच्या बोटांवर होते. अर्थ बदलला तरी चालेल पण संहितेचा नियम बदलता कामा नये, हा त्याचा आग्रह येथे डोळ्यांसमोर दिसतो.

नव्या भाषेतही त्याचा कान थांबला नव्हता. उत्तरायुष्यातील त्याची सहचारिणी एडिथ टॉमस ‘चहा हवा का?’ असे वारंवार विचारीत असे. त्या इंग्रजी प्रश्नाचे दोन तुकडे जोडून त्याने तिचे नाव ‘वाँटी’ केले. बँकेच्या जाहिरातीतून ‘मेर्त्स’ निघाला त्याच रीतीने हे नाव निघाले. पण ‘मेर्त्स’ला जर्मनीत वाचक होते, ‘वाँटी’ घरापुरते राहिले.

१९४७ च्या मार्चमध्ये लंडन गॅलरीत श्विटर्सने ‘उर्सोनाटे’ म्हटली. बीबीसीचे प्रतिनिधी निमंत्रणावरून आले होते. ध्वनिमुद्रण झाले नाही. त्याच सुमारास तो हाउसमानशी पत्रव्यवहार करून ‘पिन’ नावाचे नियतकालिक काढण्याच्या खटपटीत होता; तेही त्याच्या हयातीत निघाले नाही, ती सामग्री १९६२ मध्ये लंडनच्या गाबेरबोखुस प्रकाशनाने छापली. लेक डिस्ट्रिक्टमधील अँबलसाइड या गावी निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढून तो गुजराण करीत होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दिलेल्या साहाय्यातून एल्टरवॉटर येथील एका कोठारात त्याने नवी मेर्त्स-वास्तू आरंभिली. तिची एकच भिंत झाली. ८ जानेवारी १९४८ रोजी केंडल येथील रुग्णालयात त्याचा अंत झाला. ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्याची वार्ता त्याच्या आदल्या दिवशी आली होती.

६

श्विटर्सच्या कीर्तीला पुढे उशिरा का होईना न्याय मिळाला. एल्टरवॉटरची भिंत १९६५ मध्ये न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेण्यात आली. १९७० मध्ये त्याचे अवशेष अँबलसाइडहून हानोव्हरला नेऊन पुरण्यात आले. ‘उर्सोनाटे’ आज अनेक देशांत म्हटली जाते. या प्रसारामुळे ती सार्वत्रिक भाषा आहे हा समज दृढ झाला असावा. तो समज सोडून देणे श्विटर्सच्या मोठेपणाला बाधक नाही. उलट त्यामुळे हा मोठेपणा नेमका कशात आहे ते सांगता येते. कोशगत अर्थ काढून घेतल्यावर भाषेत काय शिल्लक राहते, हा प्रश्न त्याने प्रत्येक थरावर विचारला. शब्द फाडला तेव्हा शब्दसिद्धी शिल्लक राहिली. कर्म चुकविले तेव्हा विभक्तीची व्यवस्था शिल्लक राहिली. पदे टाकली तेव्हा स्वनिमांची मांडणी, वाक्याचा सूर आणि वर्णमालेचा क्रम शिल्लक राहिला. भाषाशास्त्रज्ञ हे थर तक्त्यांत वेगळे करून दाखवितो. श्विटर्सने त्यांतील प्रत्येक थर ऐकू येईल आणि दिसेल असा केला.

परंतु प्रत्येक थर हा एका समाजाच्या सवयीचा थर आहे. त्या समाजाने कलावंताला हाकलून दिले तर सवयही त्याच्याबरोबर परदेशी जात नाही. ज्याचे द्रव्य रंग किंवा दगड आहे तो ते नव्या देशात पुन्हा मिळवू शकतो, आणि श्विटर्सनेही अँबलसाइडच्या परिसरातील दगड, मुळ्या आणि इंग्रजी तिकिटे आपल्या कोलाजांत सहज सामावून घेतली. त्याची उत्तरकालीन कोलाजे पूर्वीच्या कोलाजांच्या तोडीची आहेत, उत्तरकालीन काव्य तसे नाही. एकाच कलावंताच्या एकाच काळातील दोन माध्यमांत पडलेला हा फरक, संहिता म्हणजे केवळ ध्वनी किंवा केवळ आकृती नव्हे याचा सबळ पुरावा मानावा लागेल. नव्या काव्यात अर्थाचा त्याग म्हणजे भाषेपासून मुक्ती असे जेव्हा जेव्हा सांगितले जाते, तेव्हा हा पुरावा समोर ठेवणे अगत्याचे आहे. अर्थ टाकणाऱ्या कवीला भाषा टाकता येत नाही; त्याला ती इतर कवींपेक्षा अधिकच लागते.